नासक्या दुधाची मंजू

दूध नासलं की माय ते चुलीवरून तसंच उचलायची आणि उकिरड्याच्याही पलीकडं, बाभळीच्या बुडाला नेऊन ओतायची. जाताना कुणी भेटलंच तर भांडं पदराआड धरायची. दूध नासलं म्हणजे घरात कुणाचं तरी काही तरी बिघडणार, हे तिच्या मनात पक्कं होतं. बा तिला हसायचा. आपण धम्म घेतला, देव्हारा नदीत सोडला, आता दुधाला कामून भ्यायलीस, असं म्हणायचा. माय ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा बाभळीकडं जायची. म्हणून माझ्या भावाच्या बायकोनं एके दिवशी चांगल्या ताज्या म्हशीच्या दुधात आपल्या हातानं लिंबू पिळल्याचं कळलं, तेव्हा मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही लख्ख आठवतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की, बघ, मी म्हणतच होते.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं, नाल्याच्या दोन्ही अंगाला वसलेलं. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला आमची वस्ती. बा रेल्वेत गँगमन होता. सकाळी सायकलवर पूर्णेकडं जायचा आणि दिवस कलल्यावर यायचा. त्याच्या पगारामुळं आमच्या घरावर पत्रे आले होते आणि मी आठवीनंतरही शाळेत राहिले होते. माय दुसऱ्याच्या रानात निंदायला, वेचायला जायची. घरात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिळाची नाही तर कारळाची चटणी आणि सणाला काही गोड. वारा इकडचा असला की दुरून गाडीची शिट्टी ऐकू यायची. तेवढ्यावरून माय बा कुठं असेल ते सांगायची. तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. माणसांच्या बाबतीतही आपला अंदाज चुकत नाही असं तिला वाटायचं, आणि तिचा अंदाज नेहमी वाईटच असायचा.

गौतमदादा नागपूरला शिकायला गेला आणि तिथल्या एका विहाराच्या कामात पडला. तिथं जपानहून लोक यायचे-जायचे. त्यातलीच एक योशिको. दोघांनी तिथंच लग्न केलं, लग्नात तिचं नाव यशोधरा ठेवलं, आणि मग एक दिवस दादा तिला घेऊन एसटीतून उतरला. तिनं साडी नेसली होती, पण निऱ्या उलट्या खोचल्या होत्या. वस्तीतल्या बाया दारादारातून बघत होत्या. ती प्रत्येकीपुढं कंबरेत वाकत चालली, तर एक म्हातारी दचकून मागंच सरली. वस्तीनं तिला येशोदा म्हणायला सुरुवात केली. मी वैनी म्हणायचे. ती मराठी बोलायची, पण पुस्तकातली, नागपूरला शिकलेली. प्रत्येक शब्द आधी मनात तपासून मग बाहेर काढते आहे असं वाटायचं. तेवढ्यानंही मला तिचा शक यायचा. एवढा विचार करून बोलतं ते माणूस काही तरी लपवत असणार, असं मला त्या वयात वाटे.

तिनं सोबत एक पुठ्ठ्याची पेटी आणली होती. पहिल्याच संध्याकाळी तिनं ती उघडली. आत पातळ कागदात गुंडाळलेले, बदामी रंगाचे गोल गोळे नीट ओळीनं मांडलेले. वस्तीतली पाच-सात माणसं ओसरीत बसली होती. तिनं प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. वरून मऊ, आत पांढरं गोड पुरण, आणि पुरणाच्या मधोमध पिवळसर, खारट, जरा कुबट वासाचं काही तरी. किसनआबा नावाचे आमचे एक म्हातारे होते. त्यांनी तोंडातला घास हातावर काढला, दिव्यापाशी नेऊन पाहिला आणि विचारलं, ही चरबी कशाची हाय. दादानं हसत सांगितलं की चरबी नाही, चीज आहे, दुधाचंच असतं. वैनीच्या वडिलांचं मिठाईचं दुकान आहे. त्यांचा भाग देशाच्या पार उत्तरेला, लय थंड. तिथं गायी फार. ही वाफवलेली मिठाई त्यांच्याकडं आजोबा-पणजोबांपासूनची, पण त्यात चीज घालायचं वैनीच्या वडिलांनी काढलं. तिथं म्हणे प्रत्येक गावाची आपापली मिठाई असते, आणि दुसऱ्या गावचं माणूस ती चाखून गाव ओळखतं. किसनआबांनी सगळं ऐकलं आणि घास गुमान ओसरीखाली टाकला. कुत्र्यानं तो हुंगला आणि खाल्ला. ते पाहून आबा म्हणाले, बघू सकाळी उठतंय का.

कुत्रं उठलं. पण वस्तीचा शक गेला नाही, आणि वरच्या गावाचा तर वाढतच गेला. ती बाई परदेशातून पैसा घेऊन आली आहे, ती विद्यापीठाच्या नामांतरवाल्यांची आहे, तिच्या पेटीत भाषणाच्या टेप आहेत, असं काय काय गावात चालायचं. एकदा ताडकळसकडून फौजदार मोटरसायकलवर आला आणि तिची कागदपत्रं मागून ओसरीत बसून उलटसुलट पाहून गेला. जाताना त्यानं बाला विचारलं की ही इथं नेमकं करते काय. ते तर आम्हालाही कळलेलं नव्हतं. त्या रात्री जेवताना माय मला हळूच म्हणाली, "सुमे, तिच्याकडं बघत राहा. कुठं जायलीय, काय करायलीय, मला सांग. ही काय टिकायची न्हाई. जायच्या आधी काय करून जाईल त्याचा भरवसा न्हाई."

मग मी वैनीच्या मागं सावलीसारखी राहू लागले. ती पाण्याला निघाली की मीही घागर उचलायचे. ती रानात गेली की मी सरपणाचं निमित्त काढायचे. तिला ते कळत असावं, पण ती वळून हसायची आणि थांबायची, मी जवळ येईपर्यंत. मला ते हसणंही खोटं वाटायचं. एके दुपारी मात्र ती मला न सांगता घरामागं गेली. मी भिंतीआडून पाहिलं तर कडुलिंबाच्या खालच्या फांदीला तिनं पांढऱ्या फडक्याची एक गच्च आवळलेली मोटली टांगली होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. वैनी खाली उकिडवी बसून ते थेंब बघत होती. शेजारी वाटीत मीठ आणि एक धुतलेला गुळगुळीत धोंडा. त्या काळात झाडाला टांगलेली मोटली, मीठ आणि धोंडा एकत्र दिसला तर आमच्याकडं करणीशिवाय दुसरा कुठला अर्थच निघत नव्हता. मी धावत जाऊन मायला सांगितलं. माय हातातलं काम टाकून आली, तिनं मोटली फांदीवरून ओढली, फडकं सोडलं, आणि आत पांढराफेक गोळा पाहून ती उभ्या जागी थिजली.

"हे काय हाय?"

"मंजू," वैनी म्हणाली. "मंजू करते आहे, आई."

"कोण मंजू?"

वैनीला प्रश्न कळेना. तिनं हातानं गोल आकार केला, तोंडाकडं नेला. मायनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या वस्तीत मंजू नावाच्या दोन मुली होत्या आणि त्यातली एक नुकतीच तापानं आजारी पडली होती. पुढचा तासभर आमच्या घरामागं जी गर्दी जमली, जे आरडणंओरडणं झालं, ते सांगत नाही. संध्याकाळी दादा आला तेव्हा उलगडा झाला. पहिल्या संध्याकाळी वाटलेल्या त्या गोड गोळ्यांना त्यांच्या भाषेत मंजूच म्हणतात. त्यातल्या चीजसाठी दूध लिंबानं फाडायचं, पाणी निथळून जाऊ द्यायचं, मीठ लावून धोंड्याखाली दाबायचं आणि माठाजवळ थंडाव्याला दोन-चार दिवस ठेवायचं. तिकडच्यासारखं चीज इथं होणार नव्हतं, पण त्याच्या जवळपासचं व्हावं म्हणून तिची धडपड चालली होती. आपल्या घरचं काही तरी तिला इथल्या दुधात, इथल्या चुलीवर करून बघायचं होतं. माय एवढंच म्हणाली, चांगलं दूध नासवलं. आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

मंजू झाली. चवळी भिजवून, चोळून तिची सालं काढून, शिजवून, वैनीनं पाट्यावर ते पुरण वाटलं. गुळाऐवजी साखर घातली म्हणून ते पांढरं राहिलं. कणकेत मात्र गुळाचं पाणी. पारी लाटून आत पुरण, पुरणात खारट चीजचा तुकडा, आणि पातेल्यावर फडकं बांधून त्यावर वाफवायला ठेवलं. माय चुलीपासून लांब, पाठ करून बसली होती, पण तिचा कान तिकडंच होता. फडक्यातून वाफ यायला लागली तशी ती न राहवून उठली, झाकण उचलून तिनं पाहिलं आणि म्हणाली, हे तर दिंडं हायत. पंचमीला आम्ही पुरणाची दिंडं वाफवायचो. धम्म घेतल्यावर पंचमी सुटली होती, पण माय त्या दिवसांत कुठला तरी दिवस धरून, कुणाला न सांगता, दिंडं करायचीच. बाला ती आवडायची म्हणून तोही काही बोलायचा नाही. त्या दिवशी त्यानं मंजू खाल्ली आणि आणखी एक मागितली. मायनं अर्धी खाल्ली. पुरणात मीठ घालतं का कुणी, असं स्वतःशीच पुटपुटली. मला ती आवडली होती, पण मी तसं म्हटलं नाही. चांगली लागली म्हणून तिच्यावर भरवसा ठेवावा असं काही मला वाटत नव्हतं.

दूध आम्ही वरच्या गावातून, भगवानरावांच्या घरून आणायचो. त्यांच्याकडं म्हशी मोप होत्या आणि मागच्या परसात खव्याची भट्टी. मोठ्या कढईत उलथनं घासल्याचा आवाज नाल्यापर्यंत यायचा. तो खवा परभणीच्या मिठाईवाल्यांकडं जायचा. दूध घ्यायला गेलं की आपलं भांडं ओट्याखाली ठेवायचं आणि मागं सरायचं. मालकीण गयाबाई ओट्यावर उभ्या राहून वरून धार धरायच्या. धार बरोबर भांड्यात पडायची, एक थेंब बाहेर जायचा नाही. वैनी पहिल्यांदा माझ्याबरोबर आली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. तिनं भांडं दोन्ही हातांत धरून पुढं केलं आणि वाकून नमस्कार केला. गयाबाई चरवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. हिला कुठून वाढावं, वरून की हातात, हे त्यांना ठरवता येईना.

"तुमची जात कोणची, बाई?" त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, अडचण होती.

वैनीनं नेहमीसारखा थोडा विचार केला. "जात नाही," ती म्हणाली. "मी कुठं जात नाही. मी इथंच राहणार."

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली. मग त्यांनी धार धरली. वरूनच धरली, पण नेहमीपेक्षा खाली वाकून. घरी येऊन मी हे मायला सांगितलं तेव्हा ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. ती बराच वेळ ज्वारी पाखडत राहिली आणि मग म्हणाली, असं म्हणली व्हय ती.

त्यानंतर नामांतराचं वारं पेटलं. परभणीला मोर्चा निघाला, दादा त्यात बोलला, आणि इतरांबरोबर त्यालाही धरून नेलं. आजूबाजूच्या खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रस्त्यावर झाडं आडवी पडली, एसटी बंद झाली. आमच्या गावात घरं जळली नाहीत. गावानं दुसरं केलं. गिरणीवाल्यानं दळण घ्यायचं बंद केलं, दुकानदार नुसता मान हलवू लागला, रानात कामाला येऊ नका असा निरोप आला, आणि दूध बंद झालं. वस्तीतली माणसं आळीपाळीनं जागू लागली. कुणी तरी सांगितलं की एका गावात वस्तीच्या विहिरीत औषध टाकलं. खरं होतं की खोटं, ते आजही मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या आडावर दिवसभर एक माणूस बसायचं, आणि पोहऱ्यातलं पहिलं पाणी हुंगून बघितल्याशिवाय कुणी घागर भरत नव्हतं. आज वीज, पाणी सगळं घरात येतं आणि माझी नातवंडं नळाखाली तोंड लावून पितात. मला अजून तसं पिता येत नाही.

बा वैनीला म्हणाला की तू नागपूरला जा, रेल्वेनं मी पोचवतो, गौतम सुटला की तिकडंच येईल. मायला वाटलं, आता ही जाणार. ती वैनीचं सामान कुठं आहे ते नजरेनं शोधू लागली. वैनीनं जायला नकार दिला. तिला दिवस गेले होते. ते तिनं आधी मायलाच सांगितलं. मायनं मला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा मऊ पापुद्रा वैनीच्या ताटात पडू लागला. एवढं होऊनही मायचा शक गेला होता असं नाही. दोन्ही एकाच वेळी तिच्या मनात नांदत होतं.

आमच्या शेजारी चंद्रभागा राहायची. तिचं लेकरू चार-सहा महिन्यांचं होतं आणि तिचं अंगावरचं दूध तापानं आटलं होतं. ते लेकरू ज्वारीच्या पेजेवर होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. भिंत एकच, त्यामुळं ते रडणं आमच्याही घरात असायचं. अशा एका दुपारी, ऊन डोक्यावर असताना, आडावर बसलेला माणूस आमच्या दारात आला आणि म्हणाला की नाल्यापाशी गयाबाई मालकीण उभी हाय, एकटीच, आणि तिच्याजवळ चरवी हाय.

माय, वैनी आणि मी गेलो. मागोमाग वस्तीही आली. गयाबाई नाल्याच्या त्या अंगाला उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. रस्ते बंद असल्यानं खवा जात नाही, सरपण संपल्यानं भट्टी बंद आहे, म्हशी काही दूध द्यायच्या थांबत नाहीत, असं त्या तुटक तुटक बोलल्या. माणसं बैठकीला शेजारच्या गावी गेली आहेत असंही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सकाळपासून मोरीत ओतायलेत. मला बघवंना." त्यांनी चरवी नाल्यातल्या दगडावर ठेवली आणि वळून चालू लागल्या. आमच्याकडून कुणी काही बोलायच्या आत त्या बोरीच्या आड गेल्या होत्या.

चरवी घरी आणली आणि ओसरीत ठेवली. सगळी वस्ती तिच्याभोवती. किसनआबा म्हणाले, ओता. ज्यांनी दळण बंद केलं ते दूध कामून देतील. दुसरा कुणी म्हणाला की हीच तर युक्ती हाय, बाईमाणसाच्या हातानं पाठवायची. चंद्रभागा लेकराला घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती नुसती चरवीकडं बघत होती. मीही ओता म्हणणाऱ्यांतलीच होते. गयाबाईंचा झाकलेला चेहरा, ती घाईची पावलं, सगळं मला पटत नव्हतं. माय उठली आणि तिनं चरवीला हात घातला, बाभळीकडं न्यायला. तेव्हा वैनीनं चुलीजवळची वाटी घेतली, दुधात बुडवली, आणि ती तोंडाकडं नेली.

मायनं तिच्या हातातून वाटी हिसकावली. इतक्या जोरात की निम्मं दूध दोघींच्या अंगावर सांडलं. "पोटात लेकरू हाय तुझ्या," ती म्हणाली.  मग आम्हा कुणाला काही सुचायच्या आत तिनं उरलेलं दूध स्वतः पिऊन टाकलं. वाटी पुन्हा बुडवली आणि तीही प्यायली. तोंड पुसलं, ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि मला म्हणाली की सूप आण, डाळ निवडायची राहिलीय.

ती दुपार मला कुणी विसरायला सांगितली तरी विसरता येणार नाही. माय डाळ निवडत होती आणि आम्ही मायला बघत होतो. तिनं कपाळ पुसलं की सगळे पुढं झुकायचे. ती एकदा खोकली तर किसनआबा उठून उभे राहिले. वैनी तिच्या अगदी पायाशी बसली होती, तिचा घोटा धरून. मायनं पाय मागं घेतला नाही. चंद्रभागेचं लेकरू रडून झोपलं, उठलं, पुन्हा रडलं. दुधाला कुणी हात लावत नव्हतं. ते तापवावं असंही कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते चुलीवर चढवायचा धीर कुणाला झाला नसता. दिवस कलला, बा सायकलवरून आला, अंगणातली गर्दी बघून त्यानं सायकल तशीच आडवी सोडली. काय झालं ते किसनआबांनी त्याला सांगितलं. तो मायसमोर उकिडवा बसला आणि त्यानं एवढंच विचारलं की कसं वाटायलंय. माय म्हणाली, भूक लागलीय.

मग लोक हसले. काही जणी रडल्याही. मायनं चूल पेटवली आणि लेकरासाठी दूध तापत ठेवलं, पण दुपारभर उकाड्यात राहिलेलं ते दूध उकळी यायच्या आधीच नासलं. पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या आणि हिरवट पाणी. माय त्याच्याकडं बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता ही बाभळीकडं निघणार. तिनं पातेलं उतरवलं, वैनीपुढं ठेवलं आणि म्हणाली, "कर तुझी मंजू." त्या लेकराला त्या दिवशी पुन्हा पेजच मिळाली. हे मला लिहावंसं वाटत नाही, पण तसंच झालं.

पहाटे मायनं जात्यावर गहू दळले, गिरणी बंद होती म्हणून. घरात असतील नसतील त्या चवळ्या मी सोलल्या. साखर नव्हती, गुळाचा एक खडा होता. चीज नीट मुरायला वेळ नव्हता. रात्रभर धोंड्याखाली दाबलेलं, भरपूर मीठ लावलेलं, तेच तुकडे करून घातलं. एवढ्याशा सामानात डझनभर मंजू झाल्या असतील. वैनीनं त्यातल्या चार वेगळ्या काढल्या, गयाबाईंची चरवी घासून पुसून तिच्यात केळीच्या पानावर ठेवल्या. माय म्हणाली की त्या आपल्या हातचं खात न्हाईत, कामून वाया घालवायलीस. वैनी म्हणाली की भांडं रिकामं परत देत नाहीत. असं आमच्याकडंही म्हणायचे. 

दुपारी गयाबाई पुन्हा नाल्यापाशी आल्या, दुसरी चरवी घेऊन. या वेळी वैनी आणि मी दोघीच गेलो. वैनीनं आदल्या दिवसाची चरवी दगडावर ठेवली. गयाबाईंनी आत पाहिलं आणि त्यांचा हात मागं गेला. त्यांच्या डोळ्यांत तेच आलं जे आदल्या दुपारी आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. मला ते ओळखायला वेळ लागला नाही, आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. "हिनं का तू?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. हिनं म्हटलं असतं तर कदाचित चाललं असतं. ही परदेशातली. वैनी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "आमी दोघींनी. आणि दळलं मायनं."

गयाबाईंनी नाकाशी नेऊन वास घेतला. मग चारी मंजू पानासकट पदरात बांधल्या, चरवी उचलली आणि गेल्या. त्या दिवशीच्या दुधातलं पहिलं चंद्रभागेच्या लेकराला गेलं. गयाबाईंनी पदरातलं कुठं टाकलं असेल यावर वस्तीत बरेच दिवस बोलणं चाललं. नाल्यात टाकलं, म्हशीला घातलं, नवऱ्याला दाखवून शिव्या खाल्ल्या, असं ज्याला जे वाटेल ते. मी तर दुसऱ्या दिवशी बोरीच्या मागं जाऊन पानाचा तुकडा सापडतो का तेही शोधलं. काही सापडलं नाही. आणखी काही दिवस दूध येत राहिलं, मग भगवानरावांना कळलं आणि गयाबाई दिसेनाशा झाल्या. पुढं तहसीलदार आले, बैठक झाली, दुकान आणि गिरणी उघडली. दूध घ्यायला आम्ही पुन्हा गेलो नाही. बानं पूर्णेहून एक शेळी आणली.

दादा सुटून आला. वैनीची मुलगी आमच्याच घरात जन्मली. मग ते तिघं नागपूरला, आणि पुढं जपानला गेले. वैनीचे वडील थकले होते आणि दुकान बघायला कुणी नव्हतं. निघताना मायनं तिला जातं देऊ केलं, तेवढं वजन कुणी नेत नाही हे कळत असूनही. मायचा तो जुना अंदाज शेवटी खरा झाला, असं म्हणायला जागा होती. पण ती तसं कधी म्हणाली नाही.

मी शिक्षिका झाले, परभणीत राहिले, निवृत्त झाले. काही वर्षांमागं बसस्थानकावर बाकावर बसले होते. शेजारी एक फार म्हातारी बाई येऊन बसली, सोबत नातसून. मी ओळखलं नाही. तिनंच माझ्याकडं बराच वेळ बघून विचारलं, तू नाल्याखालच्या गँगमनची पोरगी ना गं. मी हो म्हटलं. त्या गयाबाई होत्या. मी सवयीनं जरा सरकून बसले, आणि मग माझं मलाच कळून पुन्हा जागेवर आले. त्यांनी भगवानराव गेल्याचं सांगितलं, म्हशी विकल्याचं सांगितलं. मायची विचारपूस केली. माय गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. गाडी लागली, नातसून त्यांना उठवू लागली. अर्ध्या उठलेल्या त्या थांबल्या आणि माझ्या कानाशी तोंड आणून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालं होतं बघ."

मग त्या गर्दीत गेल्या. त्या रविवारी वैनीचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती आता त्या दुकानाची मालकीण आहे, तिच्या हाताखाली माणसं आहेत, आणि तिची मराठी अजून पुस्तकातलीच आहे.  

"हो, जास्तच झालं होतं," ती म्हणाली. "माझे हात कापत होते. मला फार भीती वाटत होती, सुमन."